मागणाऱ्यानं तिकीट काढावं

स्टार्टअपवाल्यांच्या मेळाव्याचा पहिला नियम असा की, ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यानं पैसे भरून आत यायचं आणि ज्याच्याकडे आहेत त्याला गाडी पाठवून फुकट आणायचं. नुसतं आत येण्याचं तिकीट वेगळं. वस्तू मांडायला टेबल हवं असेल तर त्याचे वेगळे. व्यासपीठावरून तीन मिनिटं बोलायचं असेल तर त्याचे आणखी वेगळे. ‘इन्व्हेस्टर कनेक्ट’ नावाचं पॅकेज घेतलं तर जेवणाच्या वेळी गुंतवणूकदारांच्या शेजारच्या टेबलावर बसायला मिळतं. शेजारच्या, त्यांच्या नव्हे. गुंतवणूकदाराला मात्र पुढच्या रांगेतला सोफा, शाल आणि जाताना कुंडीतलं रोपटं.

धंद्यात गिऱ्हाईक कोण हे ओळखायची सोपी खूण म्हणजे पैसे कोण मोजतो ते बघणं. इथे मोजतो नवउद्योजक. म्हणजे आयोजकाचं गिऱ्हाईक तो. गुंतवणूकदार ही दुकानाच्या काचेमागे नेसवून उभी केलेली साडी आहे. तिच्याकडे बघून लोक आत येतात. ती सहसा कुणाला मिळत नाही.

हे एकदा ध्यानात आलं की बाणेरच्या हॉटेलातला काय, पवईच्या सभागृहातला काय, सगळा कार्यक्रम नीट उलगडतो. हॉलमध्ये शिरल्याशिरल्या गळ्यातल्या पट्ट्यांचे रंग बघावेत. सगळ्यात जास्त पट्ट्या फाउंडरांच्या. त्याखालोखाल फाउंडरांना काहीतरी विकायला आलेले: सीए, कंपनी सेक्रेटरी, ट्रेडमार्क नोंदवून देणारे, को-वर्किंगमधली खुर्ची भाड्यानं देणारे, ॲप बनवून देणारे, पिच डेक (गुंतवणूकदारांपुढे मांडायच्या स्लाइड) बनवून देणारे, आणि डेक कसा बनवावा याचा ऑनलाइन कोर्स विकणारे. या मंडळींबद्दल माझी काहीही तक्रार नाही. हॉलमध्ये खराखुरा धंदा करून घरी जाणारे तेवढेच असतात.

मागच्या रांगांत विद्यार्थी. केंद्रीय शिक्षण खात्यानं २०१८ पासून कॉलेजांमध्ये इनोव्हेशन कौन्सिलं स्थापन करायला सुरुवात केली आणि केलेल्या उपक्रमांवर त्यांना तारे मिळू लागले. तेव्हापासून कॉलेजची बस हमखास येते. सर फोटो काढतात, फोटो अहवालात जातो, चहा झाला की बस निघते. आयोजकालाही हॉल भरलेला दिसायला हवाच असतो, त्यामुळे हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चोख.

आणि मग एंजल, म्हणजे नव्या धंद्यात स्वतःचे पैसे घालणारे. नोंदणीच्या फॉर्ममध्ये ‘आपण कोण’ याखाली चार गोल असतात. ‘एंजल’समोरच्या गोलावर टिचकी मारली की झालात एंजल. दुसऱ्या दिवशी त्या रंगाची पट्टी तयार. पुरावा कुणी मागत नाही. बाजार नियामक सेबीचं असं नाही. तिनं २०२५ साली एंजल फंडांचे नियम बदलले आणि यापुढे त्यांनी फक्त मान्यताप्राप्त, म्हणजे ‘अ‍ॅक्रेडिटेड’ गुंतवणूकदारांकडूनच पैसे घ्यावेत असं ठरवलं. त्यासाठी, ढोबळमानानं, वर्षाचं उत्पन्न दोन कोटी तरी हवं, किंवा मालमत्ता साडेसात कोटींची आणि त्यातली निम्मी शेअर, ठेवी अशा स्वरूपात. स्वतःच्या खिशातून थेट एखाद्या कंपनीत पैसे घालायला ही अट नाही, हे मान्य. पण पट्टीवाल्या एंजलांपैकी किती जण या चाळणीतून खाली पडले नसते, हे विचारायला काय हरकत आहे?

या एंजलांमध्ये मला दिसलेले प्रकार थोडेच. एक, ज्यांची वाघोलीकडची जमीन योग्य वेळी विकली गेली आणि आता ज्यांना ‘टेकमध्ये काहीतरी’ करायचंय. दुसरे, आयटी कंपनीतून व्हाइस प्रेसिडेंट म्हणून निवृत्त झालेले. यांना पैसे द्यायचे नसतात, सल्ला द्यायचा असतो, आणि सल्ल्याच्या बदल्यात एक टक्का घ्यायचा असतो. तिसरा फंडातला चोवीस वर्षांचा अ‍ॅनालिस्ट. चेकवर सही करायचा अधिकार त्याला नाही, पण प्रश्न विचारायचा आहे, आणि तो तो पुरेपूर वापरतो. बावन्न वर्षांचा कारखानदार त्याच्यापुढे ‘सर, सर’ करत उभा असतो तेव्हा बघवत नाही.

कार्यक्रमपत्रिकेत उद्घाटन साडेनऊचं. प्रमुख पाहुणे सव्वाअकराला येतात. दीपप्रज्वलन, गणेशवंदनेवर नृत्य, प्रायोजकांचे सत्कार, ज्यांचे सत्कार राहिले त्यांचे सत्कार. मग ‘फायरसाइड चॅट’. ऐन मे महिन्यात, पुण्यात, एसी अठरावर ठेवून दोघं जण शेकोटी आहे असं धरून बसतात आणि एक दुसऱ्याला विचारतो, तुम्ही इतके यशस्वी कसे झालात? यात गेलेला वेळ कुठून तरी वसूल करावाच लागतो. तो पिच करणाऱ्यांकडून करतात. पाच मिनिटांची तीन होतात, आणि जेवणाचा वास आत आला की तीनची दोन.

ॲपलचे एकेकाळचे प्रचारक गाय कावासाकी यांनी पिचसाठी एक सूत्र सांगून ठेवलंय: दहा स्लाइड, वीस मिनिटं, तीस पॉइंटचा टाइप. आपल्याकडे दहा स्लाइड तशाच ठेवल्या, वीस मिनिटांची दोन केली आणि टाइप आठ पॉइंटचा केला. वर कोपऱ्यात लाल अक्षरांत ‘गोपनीय’. वीस फुटी पडद्यावर, आठशे माणसांसमोर, गोपनीय.

पुढचा मजकूर हॉलमधल्या वेटरलाही पाठ झालेला असतो. आधी समस्या, मग तोडगा, मग बाजारपेठ. बाजारपेठेच्या स्लाइडवर भारताची लोकसंख्या एकशेचाळीस कोटी असते, ‘त्यातले फक्त एक टक्का लोक धरले’ तरी आकडा डोळे दिपवणारा येतो. ‘फक्त एक टक्का’ असं कानावर पडलं की समजावं, अजून एकही गिऱ्हाईक मिळालेलं नाही. ज्याला सत्तर गिऱ्हाइकं मिळालीत तो त्या सत्तरांबद्दल बोलतो: कोण आहेत, काय देतात, कोण परत आलं, कोण शिव्या घालून गेलं. पण सत्तर हा आकडा पडद्यावर बारका दिसतो, म्हणून मेंटर लोक त्याला तो काढून एकशेचाळीस कोटी लिहायला लावतात. स्पर्धकांच्या तक्त्याबद्दल बोलायलाच नको. त्यात आपल्या रांगेत सगळ्या बरोबरच्या खुणा आणि बाकीच्यांच्या रांगेत फुल्या. या तक्त्यात आजवर कुणीही हरलेलं नाही.

निवांत घरी बसून डेक वाचणारेही फार वेळ देतात असं नाही. डॉकसेंड या कंपनीनं २०१५ साली दोनशेच्या आसपास स्टार्टअपांच्या डेकचा मागोवा घेतला, तेव्हा गुंतवणूकदार एका डेकवर सरासरी ३ मिनिटं ४४ सेकंद घालवतात असं निघालं. एवढ्या वेळात पुणेकर रिक्षावाला ‘नाही’ सुद्धा म्हणून होत नाही.

मग प्रश्नोत्तरं. ‘तुमचा मोट काय?’ म्हणजे तुमच्या किल्ल्याभोवती खंदक कोणता. किल्ला अजून बांधायचाय, दगडासाठीच पैसे मागायला आलोय, असं उत्तर द्यायची सोय नसते. ‘उद्या हेच रिलायन्सनं केलं तर?’ हा दुसरा. याला खरं उत्तर एकच आहे, ‘तर आम्ही बुडू, आणि तुम्हीही,’ पण ते देऊन पैसे मिळत नाहीत.

इथे जरा थट्टा बाजूला ठेवतो. न्यूयॉर्कला टेकक्रंच डिसरप्ट नावाची नावाजलेली पिच स्पर्धा होत असे. संशोधक डाना कांझे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे २०१० ते २०१६ या काळात विचारले गेलेले प्रश्न तपासले. पुरुषांना विचारलेले साधारण दोन तृतीयांश प्रश्न ‘किती वाढणार?’ या जातीचे निघाले. बायकांना विचारलेले जवळजवळ तेवढेच प्रश्न ‘बुडणार तर नाही ना?’ या जातीचे. आणि ज्यांना बुडण्याचे प्रश्न विचारले गेले त्यांना पुढे पैसेही कितीतरी कमी मिळाले. विचारणाऱ्यांत बायकाही होत्या, त्यांनीही तेच केलं. त्याआधी, २०१४ साली, अमेरिकेत आणखी एक प्रयोग झाला होता: पिच तीच, स्लाइड त्याच, फक्त बोलणारा आवाज एकदा पुरुषाचा आणि एकदा बाईचा. ६८ टक्के लोकांनी पुरुषाच्या आवाजाला कौल दिला. आपल्याकडे अशी मोजदाद करायला बसलं तर प्रश्नांची एक तिसरी जात काढावी लागेल: ‘घरून सपोर्ट आहे ना?’ हा प्रश्न व्यासपीठावरच्या पुरुषाला विचारलेला मी अजून ऐकलेला नाही. खरं म्हणजे कायमची नोकरी सोडून, बायकोच्या पगारावर घर चालवून जो तिथे उभा असतो, त्यालाच तो आधी विचारायला हवा.

इतकं सगळं होऊन हॉलमध्ये ‘नाही’ हा शब्द दिवसभरात एकदाही उच्चारला जात नाही. ‘इंटरेस्टिंग आहे.’ ‘आमच्यासाठी जरा लवकर होतंय.’ ‘थोडं ट्रॅक्शन येऊ दे, मग बोलू.’ ‘अपडेट पाठवत राहा.’ यात सौजन्य किती आणि हिशोब किती, हे ओळखायला फार अक्कल लागत नाही. नाही म्हटलं तर दार बंद होतं, आणि उद्या पोरगं मोठं झालं तर पंचाईत. बघू म्हटलं तर दार अर्धं उघडं राहतं आणि खर्च शून्य. त्या ‘बघू’च्या भरवशावर फाउंडर सहा महिने अपडेट पाठवत बसतो. त्या सहा महिन्यांचा पगार, भाडं, वीजबिल मात्र त्याच्या खिशातून जातं, गुंतवणूकदाराच्या नव्हे.

या बाबतीत एअरबीएनबीवाले नशीबवान. २००८ साली त्यांची सात गुंतवणूकदारांशी गाठ घालून दिली होती. १५ लाख डॉलर मूल्यावर ते दीड लाख डॉलर मागत होते. पाच जणांनी चक्क ईमेलनं नकार कळवला, दोघांनी उत्तरच दिलं नाही. संस्थापकांपैकी ब्रायन चेस्कींनी ती नकारपत्रं पुढे जाहीर केली तेव्हा सगळे त्या पाच जणांना हसले. मला ती माणसं सज्जन वाटतात. त्यांनी वेळेवर नाही म्हटलं.

आपल्याकडे न देण्याला एक भक्कम सबब होती, तीही गेली. प्राप्तिकर कायद्यात २०१२ साली एक तरतूद आली. कंपनीनं शेअर वाजवी किमतीच्या वर विकले तर वरची रक्कम उत्पन्न समजून तिच्यावर कर लावायचा. पैसे मिळाले म्हणून दंड, असा तिचा एकूण सूर. ‘एंजल टॅक्स’ म्हणून ती बदनाम झाली, आणि ‘अहो, द्यायचेच होते, पण तो एंजल टॅक्स...’ असं म्हणून एक पिढी निभावली. जुलै २०२४च्या अर्थसंकल्पानं ती तरतूद काढून टाकली. त्यानंतर हॉलमध्ये चेकांचा पाऊस पडल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

कायद्याचं निघालंच आहे तर आणखी एक गंमत. कंपनी कायदा २०१३, कलम ४२. खासगी रीतीनं शेअर देणाऱ्या कंपनीनं त्याची जाहिरात करायची नाही. प्रसारमाध्यमं, विक्रीच्या वाटा, दलाल यांच्यामार्फत चारचौघांना कळवायचं नाही. प्रस्ताव द्यायचा तो आधी निवडलेल्या, नावानिशी ठरवलेल्या माणसांना, आणि तोही वर्षाला दोनशेंच्या आत. आता आठशे माणसांच्या हॉलमध्ये, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण चालू असताना, ‘आम्ही पाच कोटी उभारतोय, दहा टक्के देतोय’ अशी स्लाइड लावणं या कलमात कसं बसवायचं, हे एकदा फायरसाइडवाल्यांनी शेकत शेकत सांगावं. सीए मंडळी तिथे डझनानं असतात. पण त्यांची कामं पुढच्या आठवड्यात सुरू व्हायची असतात.

टीव्हीनं या सगळ्याला झळाळी आणली. गुंतवणूकदारांपुढे धंदा मांडायच्या कार्यक्रमाची मूळ कल्पना जपानी. २००१ साली तिथे ‘पैशांचे वाघ’ अशा अर्थाच्या नावाचा कार्यक्रम सुरू झाला. ब्रिटनमध्ये गेल्यावर वाघांचे ड्रॅगन झाले, अमेरिकेत शार्क, आणि डिसेंबर २०२१ मध्ये तेच शार्क आपल्या दिवाणखान्यात आले. त्या शार्कांत पुण्याच्या उद्योजिका नमिता थापर असल्यानं आपल्याकडे जिव्हाळा जरा जास्त. मुहूर्तही असा की, त्या एका वर्षात देशात चाळीसच्या वर युनिकॉर्न, म्हणजे अब्ज डॉलरी स्टार्टअप, झाले होते. कार्यक्रमाचा फायदा झाला, नाही कशाला म्हणा. नोकरी सोडली म्हणून पोराशी तीन वर्षं न बोललेले बाप ‘इक्विटी किती देतोस?’ असं विचारू लागले. फक्त एक बारीक गोष्ट पडद्यावर दिसत नाही. तिथे मिठी मारली म्हणजे पैसे आले असं नसतं. त्यानंतर ड्यू डिलिजन्स नावाचं प्रकरण असतं; हिशोब, करार, जीएसटी, जुनी देणी उपसून काढतात, आणि त्यात कितीतरी मिठ्या सुटतात.

सरकार तरी कसं मागे राहील. स्टार्टअप इंडियाची घोषणा १६ जानेवारी २०१६ ची, आणि २०२२ पासून तो राष्ट्रीय स्टार्टअप दिन. त्यामुळे जानेवारीत मेळाव्यांचा हंगाम असतो. नोंदणीकृत स्टार्टअपांची संख्या दीड लाखाच्या कधीच पुढे गेली आणि त्यात महाराष्ट्र पहिला, हे वाक्य प्रत्येक भाषणात एकदा येतं. पण तिरकसपणा सोडून सांगतो, महाराष्ट्र सरकारच्या स्टार्टअप वीकमधली एक गोष्ट मला खासगी मेळाव्यांपेक्षा शहाणपणाची वाटते. तिथे निवडलेल्या स्टार्टअपांना काही लाखांचं सरकारी काम मिळतं. भागीदारी नाही, मूल्यांकन नाही. ही वस्तू बनवता ना, मग आमच्या खात्यासाठी बनवून दाखवा. बिल निघेपर्यंत फाउंडरचे केस पांढरे होतील ही भीती आहेच. तरी पहिलं गिऱ्हाईक मिळालं, तेही पत्रावर शिक्का मारून.

मराठी माणसानं पूर्वी पैसे कसे उभे केले, हे किर्लोस्करवाडीला विचारावं. बेळगावची जागा सोडायची वेळ आली तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळची निवडुंगानं भरलेली माळजमीन दिली, भांडवलालाही हात दिला. साल १९१०. त्या वेळी लक्ष्मणरावांकडे सांगण्यासारखी बाजारपेठ म्हणावी तर, लोखंडी नांगरानं जमीन विषारी होते असं मानणारे शेतकरी. त्यांचे पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली होती. आजच्या हॉलमध्ये हा माणूस ‘ट्रॅक्शन कमी आहे’ म्हणून पहिल्या फेरीतच घरी गेला असता. राजेसाहेबांनी मात्र त्यांचं काम आधी पाहिलेलं होतं आणि माणूस ओळखीचा होता. सगळा फरक तिथे आहे. पैसे ओळखीच्या माणसाला मिळतात. तेव्हाही आणि आताही. एअरबीएनबीला नकार मिळाले, पण तेसुद्धा कुणीतरी ओळख करून दिली म्हणूनच मिळाले.

आणि म्हणूनच हे मेळावे बंद करा असं मी म्हणणार नाही. ज्याचा वर्गमित्र फंडात आहे, ज्याचा मामा बँकेत संचालक आहे, आयआयटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ज्याचा एक मेसेज पुरतो, त्याला हॉलची गरजच नसते. तो तिकडे सोफ्यावर बसायला येतो. जालन्याहून रात्रीच्या गाडीनं आलेल्या, बियाण्याचं यंत्र पिशवीतून आणलेल्या मुलीला दुसरं दार नाही. तिच्यासाठी हा हॉल असायला हवा, आणि नेमकं तिलाच तिथे सगळ्यात जास्त पैसे मोजावे लागतात: तिकीट, टेबल, लॉज, दोन दिवस बंद ठेवलेलं काम. आयोजकांना खरंच तिची कणव असेल तर शुल्क गुंतवणूकदारांकडून घ्यावं. साडेसात कोटींची मालमत्ता असलेल्या माणसाला पाच हजार जड नाहीत. जो पाच हजार भरायला कुरकुरतो तो पन्नास लाखांचा चेक लिहिणार नाही, एवढं निदान नोंदणीच्या टेबलावरच कळेल आणि पट्टीची छपाई वाचेल.

तोवर नवउद्योजकांना एवढीच विनंती. तिकिटाचे पैसे भरण्याआधी आयोजकाला फोन करा. किती गुंतवणूकदार येणार हे विचारू नका, तो आकडा नेहमी मोठाच असतो. मागच्या वर्षी याच व्यासपीठावर पिच केलेल्या दोघांचे नंबर मागा. त्यांना विचारा: शाल-रोपटं, फोटो, ‘बघू’ हे सगळं सोडा, खात्यात किती आले आणि किती महिन्यांनी? नंबर मिळाले आणि उत्तर बरं आलं तर जरूर जा, आठ पॉइंटचा टाइप तीसचा करून जा. नंबर मिळाले नाहीत, तर त्याच पैशांत एसटीचं तिकीट काढा आणि जो तुमची वस्तू विकत घेऊ शकेल त्याच्या दारात जाऊन उभे राहा.